दारापुढचा रस्ता कोणाचा?

उंबरठ्याच्या आतील व्यवहारात आपण फार काटेकोर असतो. पावसाळ्यापूर्वी घर केव्हा शाकारायचे, विहिरीतला गाळ या वर्षी उपसायचा की पुढच्या, थोरल्याने किती द्यायचे आणि धाकट्याने किती, या प्रश्नांचा घरोघर खल होतो. खर्चाचा अंदाज निघतो. कोणाची ऐपत किती याचाही विचार होतो. परंतु उंबरठा ओलांडून बाहेर पाऊल टाकले की हा काटेकोरपणा कोठल्या कोठे जातो. दारापुढचा रस्ता, रस्त्याकडेचे गटार, गटाराची मोरी, कोपऱ्यावरचा दिवा, नळाचे पाणी या साऱ्या गोष्टी कोणीतरी ठरवीत असते, कोणीतरी त्यांचे पैसे भरीत असते. ते कोण आणि कोणत्या न्यायाने, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. रस्ता झाला की आपण समाधान मानतो. न झाला तर पालिकेला दूषणे देतो.

हा विषय अभियंत्यांचा व हिशेबनिसांचा आहे, अशी आमचीही समजूत होती. तो मुळात नीतीचा विषय आहे, हे आम्हांला एका पावसाळ्याने शिकवले. ती हकीकत आधी सांगतो. तीत आमचा मोठेपणा काहीच नाही, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

आळीतील रस्ता

आमची आळी सखल भागात आहे. पूर्वी तिच्या दोन्ही अंगांना बावखले होती. वसईच्या वाचकांना बावखल म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो, की ते बागायतीच्या पाण्यासाठी राखलेले लहानसे तळे. पावसाळ्यात ते पाणी पोटात घेते आणि उन्हाळ्यात परत देते. एकेका बावखलात अनेक घरांचे वाटे असत. पाणी पाळीपाळीने घेतले जाई आणि गाळ सर्वांनी मिळून काढावा, अशी रीत होती. पुढे बागायत आटली, जमिनीला भाव आला आणि आमच्याकडची बावखले एकेक करून बुजली. कोणी परक्याने येऊन ती बुजवली नाहीत. आमच्याच घरांनी ती भरली, त्यांवर चाळी बांधल्या आणि भाडी घेतली. त्यानंतर आळीत पावसाचे पाणी साचू लागले.

पाणी साचू लागल्यावर आम्ही रस्त्याची मागणी केली आणि २०१६ साली ती मान्य झाली. बैठक एका घराच्या ओटीवर भरली. रस्ता काँक्रीटचा असावा आणि चांगला दीड फूट उंच असावा, यावर एकमत झाले. गटाराचा विषय निघाला तेव्हा प्रत्येकाला आपले कुंपण दोन फूट मागे घ्यावे लागेल, हे ध्यानात आले आणि विषय तेथेच थांबला. मे महिन्याच्या अखेरीस रस्ता तयार झाला. निधी कोणाचा, प्रयत्न कोणाचे, हे सांगणारा फलक रस्त्याच्या तोंडाशी लागला. फीत कापली गेली, पेढे वाटले गेले.

जुलैत आमचा रस्ता कोरडा राहिला. पाऊस मात्र नेहमीइतकाच पडला. ते पाणी रस्त्यावरून उतरून पलीकडच्या चाळींत शिरले. त्या चाळींत भाडेकरू राहतात. कोणी कारखान्यात जातात, कोणी बांधकामावर, कोणी घरकामाला. त्यांपैकी एक बाई एका सकाळी आमच्या दारात आल्या. त्यांच्या हातात मुलाच्या शाळेची भिजलेली पुस्तके होती. त्या भांडायला आल्या नव्हत्या. पुस्तके पसरायला थोडी कोरडी जागा मागायला आल्या होत्या. जाताना त्या एवढेच म्हणाल्या, "रस्ता तुम्हांला मिळाला, पाणी आम्हांला मिळाले."

रस्त्याच्या बैठकीला आम्ही त्यांना का बोलावले नव्हते, याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा तीन उत्तरे हाती आली. ते येथले नाहीत; ते घरपट्टी भरत नाहीत; आज आहेत, उद्या सोडून जातील. आळीत कोणालाही विचारले असते तरी यांपैकीच एखादे उत्तर मिळाले असते. या उत्तरांत तथ्य किती, हे तपासावे म्हणून आम्ही वाचू लागलो. तेव्हा असे दिसून आले की जगातील शहरे गेली दीडशे-दोनशे वर्षे याच प्रश्नाशी झगडत आहेत आणि आमच्या आळीने दिलेली उत्तरे त्यांतील काहींनी तर कायद्यातच लिहून ठेवली होती.

जो भरील त्याने ठरवावे

पहिले उत्तर फार सरळ दिसते. ज्याला लाभ होतो त्याने पैसे द्यावेत आणि जो पैसे देतो त्याने ठरवावे. १९व्या शतकातील शिकागो शहराचा कारभार बराच काळ या तत्त्वावर चालला. एखाद्या रस्त्याला फरसबंदी हवी असेल, पदपथ हवा असेल, तर त्या रस्त्यालगतच्या मालमत्तांचे मालक अर्ज करीत आणि खर्च त्यांच्यावरच वाटून आकारला जाई. ज्यांचा त्या रस्त्याशी संबंध नाही त्यांच्यावर भार नाही, आणि म्हणून त्यांना बोलण्याचा अधिकारही नाही. अमेरिकेतील अनेक शहरांत हा 'विशेष आकार' आजही निरनिराळ्या रूपांत चालू आहे.

या पद्धतीत प्रामाणिकपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. येथे कोणी दुसऱ्याच्या खिशातून आपला रस्ता करून घेत नाही. नको असलेल्या कामावर पैसा उधळला जात नाही, कारण उधळणाऱ्यालाच तो भरावा लागतो. परंतु तिचा परिणाम काय होतो? ज्या रस्त्यावर सधन माणसे राहतात तो फरसबंद होतो. ज्यावर मजूर राहतात तो चिखलातच राहतो. चिखल, डास आणि रोगराई यांना मात्र मालमत्तेची सीमा कळत नाही. शिवाय रस्त्याचा मालक आणि रस्त्यावर राहणारा हे दोघे नेहमी एकच नसतात. मालकाला खर्च नको असला, तर भाडेकरूने चिखल तुडवीत राहायचे.

आपल्याकडेही हे तत्त्व परके नव्हते. मुंबईत १८७२च्या कायद्याने महापालिकेची ६४ सभासदांची सभा निर्माण झाली, तेव्हा त्यांपैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे होते. जो ठरावीक कर भरीत नाही त्याला मत नव्हते. म्हणजे "ते घरपट्टी भरत नाहीत" हे आमच्या आळीचे वाक्य एके काळी प्रत्यक्ष कायद्याचे वाक्य होते. प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषास मत मिळण्यासाठी स्वातंत्र्य उजाडावे लागले.

आणि भाडेकरू कर भरीत नाही हे तरी खरे आहे काय? घरमालक जी घरपट्टी भरतो ती भाड्यातूनच निघते. पूर्वी शहरात येणाऱ्या मालावर जकात होती. ती साबण, तेल, कापड यांच्या किमतीतून गरिबातील गरीबही भरीत असे. मुंबईत ती १ जुलै २०१७ पर्यंत होती. त्या दिवशी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली आणि तिच्या बदल्यात राज्य शासन महापालिकांना भरपाई देऊ लागले. वस्तू व सेवा कर तर तेलाची पिशवी घेणारा प्रत्येक माणूस भरतो. नळ नसलेल्या वस्तीत माणसे टँकरचे किंवा हंड्याचे पाणी विकत घेतात आणि नळाच्या पाण्यापेक्षा ते कितीतरी महाग पडते. म्हणजे ज्याला सोय मिळत नाही तो अनेकदा अधिक भरतो. फक्त त्याच्या हाती पावती नसते. आमच्या रस्त्याला लागलेल्या निधीत त्या बाईंचाही पैसा होता, हे आम्हांला तेव्हा सुचले नव्हते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट मिळाली आहे. २०२२च्या आरंभी संपूर्ण माफीची घोषणा झाली. लहान घरात राहणाऱ्याला दिलासा मिळाला हे चांगलेच झाले. पण जो आपल्या हाताने थोडासा तरी कर भरतो त्याच्या मनात शहराविषयी एक हक्काची भावना असते. तो हिशेब मागतो. ज्याला सारे फुकट मिळते त्याला "तुम्ही कोण विचारणारे?" असे सुनावणे सोपे जाते. धर्मग्रामाच्या सभागृहाच्या दुरुस्तीची वर्गणी काढताना आपण गरीब घरालाही वगळत नाही, ते काही त्याच्या दहा रुपयांवाचून काम अडेल म्हणून नव्हे. ते सभागृह त्याचेही असावे म्हणून. शहराच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. सर्वांनी भरावे, पण ऐपतीप्रमाणे. आणि ठरवताना मात्र कोणाच्या पावतीवरची रक्कम पाहू नये.

जाणत्यांनी ठरवावे

दुसरे उत्तर असे, की शहराची सुधारणा ही जाणत्यांची कामगिरी आहे. लोकांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही. या उत्तराची परीक्षा मुंबईतच झाली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून पळू लागली, गिरण्या ओस पडल्या. दाट वस्त्यांतील अंधार आणि कोंदट हवा हे रोगाचे मूळ आहे असे त्या वेळी मानले गेले आणि १८९८च्या कायद्याने 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्याच्या विश्वस्तांत लोकांनी थेट निवडून दिलेला कोणी नव्हता. पालिकेने पाठवलेल्या मोजक्या सभासदांखेरीज बाकीचे सरकारने नेमलेले किंवा व्यापारी व गिरणीमालक यांच्या संस्थांचे होते. सरकारच्या व पालिकेच्या मोकळ्या जमिनी त्याला मिळाल्या, पालिकेने दरवर्षी त्याला वाटा द्यावयाचा होता आणि उरलेला पैसा कर्जरोख्यांतून उभा राहावयाचा होता.

ट्रस्टने मोठी कामे केली, यात शंका नाही. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते त्याने जुन्या शहरातून काढले. दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथील आखीव वसाहती त्याच्याच योजनांतून उभ्या राहिल्या. आजही तेथील झाडांची सावली आणि मोकळी हवा अनुभवताना त्या आखणीला दाद द्यावीशी वाटते. पण ज्या वस्त्या पाडून रस्ते झाले तेथील माणसांचे काय झाले? जितक्या खोल्या पाडल्या गेल्या तितक्या वेळेवर बांधल्या गेल्या नाहीत आणि ज्या बांधल्या गेल्या त्यांचे भाडे पुष्कळांना परवडण्याजोगे नव्हते. उठवलेली माणसे शेजारच्याच वस्त्यांत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली. गर्दी हटविण्यासाठी काढलेल्या योजनेने गर्दी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत ढकलली. १९३३ साली हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

विश्वस्त दुष्ट नव्हते; त्यांतील अनेक जण कळकळीने काम करणारे होते. त्यांचा दोष एवढाच, की ज्यांच्यावर परिणाम होणार होता त्यांचा आवाज बैठकीत पोहोचेल अशी सोय त्या रचनेत नव्हती. आमच्या ओटीवरील बैठकही दुष्टांची नव्हती.

प्रतिनिधींनी ठरवावे

मग प्रतिनिधींनी ठरवावे, हे तिसरे उत्तर. आपण आज याच मार्गाने जातो आणि तेच योग्य आहे. परंतु प्रतिनिधींच्या सभेतही प्रश्न कसा विचारला जातो याला महत्त्व असते. या बाबतीत पुण्याची एक जुनी गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे सांगून एकट्या फुल्यांनी त्यास विरोध केला. पुढे भाजीबाजारासाठी भव्य इमारत बांधण्याचे घाटत होते, त्यालाही त्यांचा विरोध होता. कारण तेच. ज्या शहरात कष्टकऱ्यांच्या मुलांना शाळा नाहीत, त्या शहराने दगडी इमारतीवर एवढा पैसा घालावा काय? बहुमत त्यांच्या बाजूने नव्हते. मंडई बांधली गेली, १८८६ साली तिचे उद्घाटन झाले आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव दिले गेले.

या नामांतरातील विरोधाभासावर हसून पुढे जाणे सोपे आहे. आम्हांला मात्र त्यात दोन्ही बाजूंचे सत्य दिसते. मंडई वाईट नव्हती. उन्हापावसात रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्यांना तिने छप्पर दिले आणि गेली सुमारे १४० वर्षे ती शहराच्या उपयोगी पडत आहे. पण फुले ती वाईट आहे असे म्हणतच नव्हते. त्यांचा प्रश्न असा होता, की कशाच्या ऐवजी? सार्वजनिक पैशाच्या प्रत्येक खर्चामागे न केलेला दुसरा एखादा खर्च असतो. मंडई सर्वांना दिसते. न निघालेली शाळा कोणालाच दिसत नाही. म्हणून न दिसणाऱ्याच्या वतीने बोलणारा एखादा तरी सभासद सभेत असावा लागतो, मग त्याचे मत एकटे पडले तरी चालेल.

आजच्या प्रतिनिधींच्या कारभारात हा 'कशाच्या ऐवजी' फारसा ऐकू येत नाही. खासदारांचा स्थानिक विकास निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला. आमदारांना, नगरसेवकांनाही तशी तरतूद असते. त्यातून चांगली कामे होतात, हे नाकारता येत नाही. पण 'यांच्या निधीतून' असे शब्द फलकावर वाचून वाचून आपल्या मनाची अशी घडण झाली आहे, की रस्ता हे आपल्याला मिळालेले दान वाटते. दान घेणारा हिशेब विचारत नाही. चार वर्षांपूर्वी बसवलेले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवले जातात, तेव्हा आपण फार तर एकमेकांकडे पाहून हसतो. तो पैसा आपलाच होता आणि त्यात एखादी शौचालयाची दुरुस्ती झाली असती, हे आपण बोलत नाही.

त्यातही गेल्या काही वर्षांत प्रतिनिधीच नव्हते, अशी स्थिती आली. वसई-विरारमध्ये २०२०च्या मध्यापासून आणि मुंबईत मार्च २०२२ पासून महापालिकांचा कारभार प्रशासकांकडे होता. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. एवढ्या काळात रस्ते झाले, अंदाजपत्रके मंजूर झाली. पण आपल्या वतीने ती कोणी मंजूर केली, असे विचारले तर बोट दाखवावे असा निवडून दिलेला माणूस नव्हता. ७४वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. नागरी संस्थांना घटनेत स्थान मिळावे व मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, हा तिचा हेतू. तिच्या छायेतही असे घडू शकले आणि आपल्यापैकी बहुतेकांची झोप उडाली नाही, याचे आम्हांला अधिक वाईट वाटते.

एकत्र बसून ठरवावे

चौथे उत्तर ब्राझील देशातील पोर्तो अलेग्रे या शहराने दिले. १९८९ साली तेथे नव्या महापौरांच्या कारकिर्दीत लोकसहभागाने अंदाजपत्रक करण्याची प्रथा सुरू झाली. शहराचे १६ विभाग पाडण्यात आले. प्रत्येक विभागात सभा भरे. येईल त्याला बोलता येई व मत देता येई. पाणी, सांडपाणी, रस्ते, शाळा यांपैकी आधी काय हवे, ते सभा ठरवी. पण केवळ ज्या विभागाचे मतदार अधिक त्याला अधिक, असे तेथे नव्हते. लोकसंख्या किती, लोकांनी कशाला अग्रक्रम दिला आणि त्या विभागात त्या सोयीची उणीव किती, या तिन्हींचे गुण मिळून पैशाची वाटणी होई. ज्याच्याकडे कमी आहे त्याला आधी, हे तत्त्व अशा रीतीने हिशेबातच बसवले गेले. सभांना येणाऱ्यांत गरीब वस्त्यांतील माणसे अधिक असत. १९८८ मध्ये सुमारे ७५ टक्के घरांपर्यंत पोहोचलेली पाणी व सांडपाण्याची जोडणी १९९७ पर्यंत सुमारे ९८ टक्के घरांपर्यंत गेली, असे जागतिक बँकेने नमूद केले आहे.

पुण्याने २००६ साली याच धर्तीवर पाऊल टाकले. आपल्या प्रभागातील लहान कामे नागरिकांनी सुचवावीत आणि महापालिकेने ती अंदाजपत्रकात घ्यावीत, अशी ती योजना. एका कामाला पाच लाख रुपयांची मर्यादा होती. पदपथ, दिवे, बाके, बसथांबे अशी कामे त्यातून झाली. प्रयत्न स्तुत्य होता. परंतु एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने ती रक्कम अगदी थोडी होती आणि पोर्तो अलेग्रेची जी खरी शक्ती, ती समोरासमोर बसण्याची सभा, तिची जागा येथे बरीचशी अर्जाने घेतली. अर्ज भरणे ज्याला जमते त्याचे काम यादीत जाते. बाक सुचवणारा पुढे येतो. ज्याच्या वस्तीत मोरी तुंबली आहे तो कामावर गेलेला असतो.

पोर्तो अलेग्रेची कथाही येथेच संपत नाही. सत्ता बदलत गेली, सभांनी ठरवलेली कामे रखडू लागली, लोकांचा उत्साह ओसरला आणि २०१७ साली ती प्रथा स्थगित झाली. यावरून ती पद्धत खोटी होती, असा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. बावखलाचा गाळ दरवर्षी काढावा लागे. एक वर्ष सोडले की पाणी हिरवे होई. सार्वजनिक निर्णयाच्या रीतींचेही तसेच आहे.

उद्याच्यांनी भरावे काय?

आणखी एका प्रश्नाचा थोडक्यात उल्लेख करतो. शहरे कर्जही काढतात. अहमदाबादने १९९८ साली शंभर कोटी रुपयांचे रोखे काढले. पुण्याने २०१७ साली पाणीपुरवठा योजनेसाठी दोनशे कोटींचे. जलवाहिनी पन्नास वर्षे टिकणार असेल, तर तिचा भार केवळ आजच्या करदात्याने का सोसावा, हा युक्तिवाद रास्त आहे. पण कर्ज फेडायचे आहे अशांपैकी पुष्कळ जण अजून जन्मलेही नाहीत; म्हणजे बैठकीला न बोलावलेल्यांत तेही आले. त्यांच्या नावावर जलवाहिनी उभी करावी. रोषणाई करू नये. घरातही आपण मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढतो, बारशाच्या जेवणासाठी काढत नाही; निदान काढू नये.

पुन्हा आळीत

वाचक विचारतील, की त्या बाई पुस्तके घेऊन आल्या, त्यानंतर तुम्ही काय केले? खरे सांगायचे तर दोन वर्षे काहीच केले नाही. हळहळलो, आणि आपल्या कोरड्या रस्त्यावरून ये-जा करीत राहिलो. जुलै २०१८ मध्ये वसईत महापूर आला. रेल्वे बंद पडली, वीज गेली, मिठागरांत माणसे अडकून पडली. त्या वेळी पाणी आमच्या दीड फूट उंच रस्त्यावरून आमच्याही घरांत आले. चाळीतले लोक आणि आम्ही तेव्हा प्रथमच एका पाण्यात उभे होतो. गटाराची दुसरी बैठक त्यानंतर भरली. आमचा विवेक जागा होण्यासाठी पाणी आमच्या गुडघ्यापर्यंत यावे लागले, हे कबूल केल्यावाचून हा लेख प्रामाणिक ठरणार नाही.

या बैठकीला चाळींतून चौघे आले होते; त्यांत त्या बाईही होत्या. मुख्य नळाचे काम पालिकेने करावे, आळीतील गटारासाठी घरांनी जागा व वर्गणी द्यावी, असे ठरले. वर्गणी कशी काढायची यावर तीन बैठका गेल्या. कोणी म्हणाले, घरटी सारखी. कोणी म्हणाले, ज्याचे कुंपण जितके लांब तितकी. कोणी म्हणाले, ऐपतीप्रमाणे. शिकागोपासून पोर्तो अलेग्रेपर्यंतचे सारे युक्तिवाद त्या ओटीवर, आपापल्या बोलीत, होऊन गेले. शेवटी आळीतील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "बावखले ज्यांनी बुजवली त्यांनी दुप्पट द्यावे. पाणी त्यांनीच रस्त्यावर काढले." ओटीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. दुप्पट देणाऱ्यांच्या यादीत आमचेही घर होते. आम्ही दिले, आनंदाने दिले असे म्हणवत नाही.

चाळींतील चौघांनी आपणहून सांगितले, की वर्गणीत त्यांचाही वाटा घ्यावा आणि जूनपूर्वी गटार साफ करण्याच्या पाळीत त्यांनाही धरावे. वर्गणी घेऊ नये असे आमच्यापैकी काहींना वाटत होते. त्या बाई म्हणाल्या, "घ्या. म्हणजे पुढच्या बैठकीलाही बोलवाल." त्यांना अर्थनीतीचे पुस्तक वाचावे लागले नव्हते.

पुढच्या वर्षीच्या मेमध्ये गटार झाले. एका घराने अखेरपर्यंत कुंपण मागे घेतले नाही. तेथे गटाराला वळण द्यावे लागले आहे आणि दर पावसाळ्यात नेमका तेथेच कचरा अडकतो. तो काढण्याची पाळी सर्वांवर येते, त्या घरावरही येते. पाणी पूर्वीइतके साचत नाही. अजिबात साचत नाही असे मात्र नव्हे. बुजलेले बावखल गटाराने भरून निघत नाही.

या साऱ्यातून आम्ही एवढेच शिकलो, की दारापुढचे कोणतेही काम निघाले म्हणजे चार प्रश्न विचारावेत. हे कशाच्या ऐवजी होत आहे? पैसा कोणाकोणाचा आहे? ज्याच्याकडे ही सोय सर्वांत कमी आहे त्याचा क्रम कितवा? आणि हे झाल्यावर पाणी कोणाच्या घरात जाणार आहे, व तो माणूस या बैठकीला आला आहे काय? आता निवडून दिलेले प्रतिनिधी पुन्हा पालिकेत बसले आहेत. नवी अंदाजपत्रके होतील, नवे फलक लागतील. फीत कापण्याचे आमंत्रण आले तर जरूर जावे. पण त्यापूर्वी, काम कागदावर असतानाच, हे चार प्रश्न घेऊन प्रभाग कार्यालयात जावे. आणि जाताना आपल्या मागच्या चाळीतील एखाद्या शेजाऱ्याला बरोबर घ्यावे.